अडगळीतली मोटार: नाशिक परिसरात जुन्या गाड्या शोधाव्यात आणि वाचवाव्यात कशा

रस्त्यावरून जाता-येता दिसणाऱ्या बेवारस मोटारीपर्यंत आपण बहुधा उशिराच पोहोचलेले असतो. आपल्या आधी तिच्यापर्यंत भंगारवाला पोहोचतो, दिवे आणि कार्बुरेटर काढून नेणारे पोहोचतात आणि या सर्वांच्या आधी पाऊस पोहोचतो. जी गाडी खरोखर वाचवता येते ती सहसा दिसत नाही. ती बंगल्याच्या मागच्या गॅरेजमध्ये, वाड्याच्या परसात किंवा मळ्यातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते आणि तिच्यापर्यंतची वाट माणसांच्या ओळखीतूनच सापडते. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत अशा गाड्या शोधण्यात आणि त्यांतल्या मोजक्या पुन्हा चालत्या करण्यात माझी काही वर्षे गेली आहेत. त्या अनुभवातून जे हाती लागले ते या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

शोधायचे काय, हे आधी ठरवावे. काटेकोर अर्थाने ‘व्हिंटेज’ हा शब्द १९१९ ते १९३० या काळातील मोटारींसाठी वापरला जातो. आपल्याकडील सरकारी व्याख्या मात्र वेगळी आहे: केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि ज्यात मोठे फेरफार केलेले नाहीत असे दुचाकी किंवा चारचाकी वाहन व्हिंटेज ठरते. नाशिक जिल्ह्यात सर्वसामान्य माणसाच्या नशिबी संस्थानिकांची रोल्स-रॉईस येण्याची शक्यता फार थोडी, आणि तिच्या मागे लागण्यात वर्षे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. येथे खऱ्या अर्थाने सापडतात त्या मध्यमवर्गाच्या आणि शेतकऱ्यांच्या गाड्या. पन्नासच्या दशकातील फियाट ११००, जिला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, ती पुढच्या उलट्या उघडणाऱ्या दारांवरून लगेच ओळखू येते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगखालचा गिअर हाताळलेले मिस्त्री अजून हयात आहेत, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनत राहिलेली अँबेसेडर, तिच्या आधीची लँडमास्टर, साठच्या दशकात मद्रासमध्ये बनू लागलेली स्टँडर्ड हेराल्ड आणि महिंद्राच्या विलीज जीप या बाकीच्या ओळखीच्या गाड्या. हेराल्डचे संपूर्ण बॉनेट पुढे कलते आणि तिची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, बॉडीपासून वेगळी असते, त्यामुळे नवशिक्यालाही ती उघडून समजून घेता येते.

शोध कुठे घ्यावा

या जिल्ह्यात गाडीचे आयुष्य पावसावर ठरते, आणि ही गोष्ट नकाशा घेऊन समजून घेण्याजोगी आहे. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या बाजूला सह्याद्रीचा पाऊस प्रचंड पडतो. तेथे उघड्यावर वीस पावसाळे काढलेल्या गाडीचा वरचा रंग बरा दिसला तरी खालचा पत्रा हाताने तुटतो. जसजसे पूर्वेला सिन्नर, चांदवड, येवल्याकडे जावे तसतसे हवामान कोरडे होत जाते आणि तिकडे चिंचेखाली उभी असलेली गाडीसुद्धा आतून आश्चर्य वाटावे इतकी शाबूत निघते. रबर आणि सीटचे कापड मात्र तिकडच्या उन्हाने जळून गेलेले असते. पण रबर नवे मिळते, पत्रा मिळत नाही.

देवळाली कॅम्पाची गोष्ट निराळी आहे. कोरडी हवा आणि लष्करी छावणी यांमुळे तेथे मुंबईच्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी हवापालटासाठी बंगले बांधले. त्यांतील काही कुटुंबांनी सुट्टीपुरती वापरायची एक गाडी तेथेच ठेवलेली असे. पुढची पिढी परदेशी गेली, बंगला माळ्याच्या ताब्यात राहिला आणि गाडी गॅरेजमध्ये विटांवर चढवून ठेवली गेली. विटांवर चढवलेली गाडी हा शुभशकुन समजावा, कारण ती कधीतरी परत चालवायची असे कुणाच्या तरी मनात होते.

निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात द्राक्षबागांच्या शेडमध्ये जीप सापडतात. येथे गाडीपेक्षा तिच्या शेजाऱ्यांकडे अधिक लक्ष द्यावे. गाडीत किंवा गाडीवर खताच्या गोण्या रचून ठेवल्या असतील, तर त्यांतील क्षार ओल धरतात आणि पत्रा पावसापेक्षा वेगाने खातात. गंधक आणि मोरचूद साठवलेल्या खोलीतही तसेच होते. अशा शेडमधील जीपचा फाळका आणि हौद पाहण्याआधी गोण्या जेथे टेकल्या होत्या ती जागा पाहावी.

जुन्या नाशकात, गोदाकाठच्या सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या बाजूला, गाडी सापडलीच तर एक प्रश्न न चुकता विचारावा: या जागेत पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते? दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगाला पाणी लागले यावरून पूर मोजणाऱ्या या शहरात प्रत्येक घरमालकाला भिंतीवरची खूण तोंडपाठ असते. १९६९, २००८ आणि २०१६ या वर्षांचा उल्लेख ऐकला की गाडीचे गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि दारांच्या आतल्या पोकळ्या गाळाने भरल्या असतील असे गृहीत धरूनच पुढे जावे.

सातपूर–अंबड लिंक रोडच्या बाजूचा भंगार बाजार सर्वांना माहीत होता; २०२५ मध्ये महापालिकेने तो हटवला. भंगाराच्या दुकानांत सुटे भाग मिळतात, पण संपूर्ण गाडीच्या आशेने रोज चकरा मारू नयेत. तेथपर्यंत पोहोचलेल्या गाडीची कागदपत्रे बहुतेक वेळा मागेच राहिलेली असतात, आणि कागदाविना गाडी म्हणजे केवळ भागांचा ढीग असतो.

कुणाला विचारावे आणि कसे

गाडीचा पत्ता सांगणारी माणसे ठरलेली असतात. निवृत्त झालेले मिस्त्री आणि खासगी गाडीवर नोकरी केलेले ड्रायव्हर यांच्या स्मरणात गावातील प्रत्येक गाडीचा नंबर असतो. त्यांच्या खालोखाल बॅटरीचे दुकानदार, जुन्या पेट्रोल पंपांवरील कर्मचारी, घरोघरी जाणारे दूधवाले आणि बंगल्यांची देखभाल करणारे माळी येतात. कोणत्याही तालुक्याच्या गावी गेल्यावर सर्वांत आधी मोटार कुणाच्या घरी आली होती हे विचारावे. उत्तर बहुधा डॉक्टर, वकील, बागाईतदार किंवा आडत्या असेच येते, आणि त्या घराण्याचा वाडा दाखवायला कुणीही बरोबर येते.

पहिल्या भेटीत “विकायची आहे का?” हा प्रश्न विचारू नये. मला हा धडा एका चांगल्या लँडमास्टरच्या बदल्यात मिळाला. मी दारात उभ्या-उभ्याच किंमत विचारली, घरच्यांना ते त्यांच्या वडिलांची किंमत केल्यासारखे वाटले आणि दार बंद झाले. पुढच्या पावसाळ्यात शेडचे छप्पर त्या गाडीवर कोसळले. त्यानंतर मी पहिल्या भेटीत फक्त गाडीविषयी ऐकतो: ती कुणी आणली, कोणत्या साली आणली, तिच्यातून कुणाची वरात निघाली, ती बंद का पडली. परवानगी मिळाली तरच छायाचित्रे घेतो आणि पुढच्या भेटीत त्यांच्या प्रती घरच्यांना नेऊन देतो.

देवळालीतील एका फियाट ११०० साठी मी चौदा महिने जात होतो. घरच्या आजींना गाडी विकायची नव्हती आणि ती सडलेली पाहवतही नव्हती. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी केवळ गाडीवरची धूळ काढण्याची आणि तिच्या खालचा पालापाचोळा उपसण्याची परवानगी मागितली. त्या दिवशी आजी खुर्ची टाकून शेडच्या दारात बसल्या आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या. गाडी नंतर मिळाली, पण ती न मिळती तरी त्या कामाचा मला पश्चात्ताप झाला नसता, कारण धूळ आणि पाला हटवल्याने तिचे आणखी काही पावसाळे निभावले असते. गाडी वाचवणे आणि ती आपल्या मालकीची होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मालक विकत नसेल तर त्याला टायरमधील हवा, खिडकीची फट आणि छपराची गळती याविषयी सांगावे. तेवढ्यानेही गाडी वाचते.

बेवारस दिसणारी गाडी बेवारस नसते

धूळ साचली, टायर बसले, पिंपळ उगवला म्हणून मालकी संपत नाही. परवानगीवाचून आवारात शिरणे आणि गाडीचा एखादा भाग काढून घेणे हा गुन्हा आहे, मग तो भाग कितीही गंजलेला असो. रस्त्यावर किंवा मोकळ्या भूखंडावर उभी असलेली गाडी दिसल्यास आधी शेजारी आणि मग महापालिकेचे विभागीय कार्यालय किंवा पोलीस ठाणे यांच्याकडे चौकशी करावी. ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्या बहुधा मुद्देमाल असतात आणि त्या रीतसर लिलावातूनच मिळू शकतात. लिलावाची जाहिरात बारकाईने वाचावी. गाडी ‘केवळ भंगार म्हणून’ विकली जात असेल तर ती पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या हेतूने घेऊ नये, कारण तिची नोंदणी पुन्हा होणार नाही.

खासगी मालकाकडून घेताना क्रम असा ठेवावा की आधी नोंदणी पुस्तक पाहावे, मग गाडीवरील चेसिस आणि इंजिनचे क्रमांक तपासावेत, आणि ते जुळल्यावरच इसार द्यावा. चेसिसचा क्रमांक गंजाखाली लपलेला असेल तर तो घासून काढण्याचा मोह टाळावा. केरोसीनचा बोळा आणि मऊ ब्रश एवढेच वापरून, वर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावा. ग्राइंडर लावलेला क्रमांक पुढे तपासणीत संशयास्पद ठरतो. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद पुस्तकात आहे का ते पाहावे. आपल्याकडील कितीतरी जीप आणि अँबेसेडर यांच्यात पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले असते आणि कागदावर मात्र पेट्रोलच राहिलेले असते.

मूळ मालक हयात नसेल, आणि बहुतेक वेळा तो नसतोच, तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी नमुना ३१ आहे. त्यानंतर विक्रीसाठी नमुना २९ आणि ३० लागतात. पुस्तक हरवले असल्यास दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ भरावा लागतो, आणि पुस्तकावर कधीकाळच्या कर्जाचा बोजा राहिला असेल तर नमुना ३५ वर बँकेची सही मिळवावी लागते. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. एक भाऊ नाशकात संमती देतो आणि दुसरा पुण्याहून हरकत घेतो, असे प्रसंग गाडी पूर्ण तयार झाल्यावरच उद्भवतात, हे लक्षात ठेवावे. १ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याआधीच्या तीन अक्षरी क्रमांकाच्या अनेक गाड्या ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत दिसतच नाहीत. अशा वेळी पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात जुन्या नोंदवहीवरून बॅकलॉग नोंद (जुनी नोंद ऑनलाइन प्रणालीत चढवणे) करण्याची विनंती करावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून हे काम पत्र्याच्या कामाआधी सुरू करावे.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी घेता येते. तिच्या क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये असे २०२१ च्या नियमांत ठरवले आहे, आणि नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते. मात्र अशी गाडी नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांनी ती रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी सोमेश्वरला सहज फेरी मारण्याची इच्छा असेल तर हा मार्ग निवडण्यापूर्वी विचार करावा.

गाडी पाहताना

नवशिका सर्वप्रथम इंजिन चालते का ते विचारतो. माझ्या मते ती चिंता शेवटची आहे. पद्मिनी किंवा अँबेसेडरचे जाम झालेले इंजिन अंबडच्या एखाद्या कसबी लेथवाल्याकडे रिबोअर होऊन (सिलिंडर आतून पुन्हा कोरून) येते, पण मूळ जाळी, काचेभोवतीच्या पट्ट्या, मीटर, दारांची हँडले आणि मागच्या दिव्यांच्या काचा नसतील तर त्यांच्यासाठी पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईच्या ऑपेरा हाउस भागात वर्षानुवर्षे हिंडावे लागते. म्हणून बंद पण संपूर्ण गाडी ही चालू पण अपूर्ण गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

पाहायला जाताना टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि कापडात गुंडाळलेले लोहचुंबक न्यावे. पत्र्याला लोहचुंबक जेथे चिकटत नाही तेथे खाली लांबीचा (पुटीचा) थर आहे आणि त्याखाली बहुधा भोक आहे. दाराखालचा उंबरठा, पायाखालची जमीन, चाकांच्या कमानी, डिकीतील स्टेपनीची खळगी आणि जॅक लावायच्या जागा स्क्रू ड्रायव्हरने हलके दाबून पाहाव्यात. फियाट आणि अँबेसेडर यांना वेगळी चेसिस नसते, त्यामुळे उंबरठे सडले म्हणजे गाडीचा कणाच गेला असे समजावे. अशी गाडी उचलताना मध्ये वाकते आणि मग दारे लागत नाहीत. तेवढा खर्च आणि तेवढा कारागीर हाताशी नसेल तर ती सोडून द्यावी. ते वाईट वाटते, पण अर्धवट उघडून ठेवलेली गाडी शेडमधल्या गाडीपेक्षा लवकर मरते.

बाहेर काढणे आणि पहिल्यांदा सुरू करणे

गाडी हलवण्याआधी प्रत्येक बाजूने छायाचित्रे घ्यावीत, विशेषतः वायरी आणि नळ्यांची. बॉनेट उघडताना काठी वापरावी. साप, विंचू आणि गांधीलमाश्या यांना अशी जागा फार आवडते. ब्रेक जाम असतील तर गाडी ओढू नये. चाके उचलून ड्रम मोकळे करावेत, चालत्या गाडीची जुनी चाके उसनी आणून लावावीत आणि मगच ती सपाट ट्रकवर चढवावी. दोराने टोचन करून आणलेल्या गाडीचा पुढचा भाग वाकलेला मी पाहिला आहे.

किल्ली फिरवण्याची घाई हे सर्वांत मोठे नुकसानीचे कारण आहे. आधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडावे आणि काही दिवस थांबावे. मग प्लग काढलेल्याच अवस्थेत हँडलने, हळूहळू, इंजिन फिरते का ते पाहावे. अडले तर जोर न करता पुन्हा तेल सोडावे, कारण अडकलेली रिंग जोराने तुटते आणि सिलिंडरवर चरा पाडते. टाकीतील जुने पेट्रोल वार्निशसारखे घट्ट झालेले असते. ते काढून टाकावे, टाकी स्वच्छ करावी, रबरी नळ्या सगळ्या बदलाव्यात आणि पहिल्यांदा बाटलीतून वेगळे पेट्रोल द्यावे. ऑइल बदलावे, रेडिएटरमध्ये पाणी खेळते का ते पाहावे. बॅटरी जोडण्यापूर्वी गाडी सहा व्होल्टची आहे की बारा, आणि ब्रिटिश घराण्यातील असेल तर पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले) आहे का, याची खात्री करावी. अग्निशामक हाताशी असावा. आणि ब्रेकचे मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आणि नळ्या नव्या झाल्याशिवाय सुरू झालेली गाडी फाटकाबाहेर नेऊ नये.

रंगाची घाई करू नये. दाराच्या बिजागरीमागे आणि डिकीच्या रबराखाली मूळ रंग शिल्लक असतो, तो नोंदवून ठेवावा. शक्य असेल तेथे जुना रंग पॉलिश करून तसाच ठेवावा. जुन्या गाडीचे खरे आकर्षण मला तेथेच वाटते: स्टिअरिंगवर हाताच्या पकडीने झिजलेल्या दोन जागा, काचेवरचे जुने कराचे टोकन, डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडलेली गॅरेजची पावती. हे सगळे नव्या रंगाखाली आणि नव्या सीटखाली पुसले जाते. दुसरे आकर्षण असे की ही यंत्रे उघडता येतात. हातोडी आणि ऐरणीवर पत्रा सरळ करणारे वयस्क डेंटर अजून नाशकातील द्वारका आणि पंचवटीच्या बाजूला सापडतात. त्यांच्याकडे गाडी देताना शेजारी बसून काम पाहावे, कारण ते ज्ञान कुठे लिहून ठेवलेले नाही.

पहिल्या फेऱ्या सपाट आणि जवळच्या असाव्यात, कसारा घाटाचा विचार काही महिन्यांनी करावा. बरोबर पाणी, फॅनबेल्ट, प्लग, कंडेन्सर आणि पेट्रोलची नळी ठेवावी. देवळालीच्या फियाटची पहिली फेरी मी तिच्या जुन्या बंगल्यापर्यंत काढली. आजी मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसल्या, कारण त्यांची जागा तीच होती. लॅम रोडला लागताना त्या म्हणाल्या, “दुसरा गिअर टाकताना जरा थांबत जा, हे नेहमी थांबायचे.” पुढे गिअरबॉक्स उघडला तेव्हा दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर सहज बसवणारा भाग) झिजलेला निघाला.